केस राखण्याचे दिवस

श्रावण लागला की आमच्या बिल्डिंगखालच्या सलूनवाल्याचं तोंड उतरतं. एरवी त्याच्या काचेच्या दारामागे गार हवेत सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात, चेहऱ्याला कसले कसले लेप लावून माणसं डोळे मिटून पडलेली असतात. श्रावणात मात्र तो बाहेर पायरीवर येऊन बसतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. काल भाजी घेऊन येताना मी विचारलं, "काय रे, सुट्टी?" तर म्हणाला, "काकू, आता गणपती जाईपर्यंत माशा मारायच्या." भांडुप एवढं बदललं, टेकडीवरून खाली बघितलं की नुसते टॉवर दिसतात, तरी श्रावणात केस-दाढी न करणारे पुरुष अजून आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत, याची मला दर वर्षी नव्याने गंमत वाटते. लिफ्टमध्ये बँकेतले साहेब खुरटी दाढी घेऊन भेटतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने तर केस मागे घेऊन छान बुचडा बांधलाय. "श्रावण पाळतोस वाटतं," म्हटलं, तर लाजून म्हणाला, "नाही हो काकू, मला आवडतात म्हणून." नुसतं आवडतात म्हणून केस वाढवणारा पुरुष मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्याच घरात.

तो नंदू, माझा धाकटा दीर. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी घाटकोपरची मुलगी, लग्न करून भांडुपला टेकडीखालच्या एकमजली चाळीत आले होते. दोन खोल्या, पुढे गॅलरी, मागे मोरी आणि मागचा जिना, आणि माणसं पाच: सासरे, ज्यांना सगळे तात्या म्हणायचे, सासूबाई, मी आणि माझा नवरा विलास, आणि हा नंदू. तात्यांची गिरणी बंद पडली होती. कुडाळजवळच्या गावातून मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदाच रिकामा बसला होता, आणि त्या रिकामपणातला बराचसा वेळ ते नंदूच्या केसांवर खर्च करायचे. नंदूचे केस खांद्यावर रुळायचे. तो बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. गणपतीत, हळदीत, कुणाच्या वरातीत, पट्टा गळ्यात अडकवून तो वाजवायला लागला आणि मान झटकली की समोरच्या गॅलरीतल्या मुली आत जायचं विसरायच्या. पँटच्या मागच्या खिशात कंगवा कायम. आंघोळीपेक्षा आरशापुढे त्याला जास्त वेळ लागायचा.

"मेल्या, त्या न्हाव्यान खावचा काय?" तात्या गॅलरीतून ओरडायचे. "तेका पोरांबाळां आसत."

"तुम्ही जाता ना दर महिन्याला, तेवढं बास झालं त्याला," नंदू आरशातूनच उत्तर द्यायचा.

"येणी घाल आता. वयनीकडसून शिकान घे."

मग नंदू खरंच माझ्याकडे येऊन म्हणायचा, "वहिनी, घाल गं वेणी," आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. आमच्या घरातलं भांडण म्हणजे एवढंच. दोघांनाही त्याशिवाय करमत नसावं.

विलासचं सगळं उलटं. आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात तो टर्नर होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी वामनरावांच्या सलूनमध्ये जायचा आणि मानेवर निळसर रेघ दिसेल इतके बारीक केस करून यायचा. देवाधर्माचं त्याला वावडं होतं असं नाही, पण अमक्या दिवशी नख कापू नये, तमक्या दिशेला डोकं करून झोपू नये असं कोणी म्हणालं की तो चिडायचा. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढे जायचा. तेव्हा मी त्याला अहो म्हणायचे. ते अहो पुढे कधी गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात नाही.

लग्नाला चार वर्षं होत आली होती आणि माझी दोन बाळंतपणं अर्ध्यातच संपली होती. पहिल्या वेळी तर कोणाला सांगायच्या आधीच. दुसऱ्या वेळी पाचवा महिना होता, डोहाळजेवणाची बोलणी सुरू झाली होती. विलास मामेभावाच्या लग्नाला जायचं म्हणून वामनरावांकडे जाऊन आला, आणि पुढच्याच आठवड्यात मला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, ते मला समजलंही. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पण बायको पोटुशी असताना नवऱ्याने केस कापायचे नसतात, ही आमच्याकडची जुनी रीत, आणि त्या न बोलण्यात ती रीत घरभर वावरत होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मला ती दिसायची. बहुधा विलासलाही दिसत असावी.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले ते थंडी संपता संपता. नंतरचा पहिला रविवार आला आणि विलास सलूनमध्ये गेला नाही. मला वाटलं विसरला. पुढचा महिनाही तसाच गेला. कानांवर केस यायला लागले तेव्हा मी दुपारी कोणी नसताना विचारलं, "आईंनी काही सांगितलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग तुमचा कधीपासून विश्वास बसला?"

"विश्वास नाहीच आहे," तो म्हणाला. "पण ओकाऱ्या तू काढतेस, इंजेक्शनं तू घेतेस, जिना जपून तू चढतेस. मी काय करतो? नुसता बघतो. हे एवढं एक मला करता येण्यासारखं आहे तर करू दे ना."

मला रडू आलं, आणि ते लपवायचाही कंटाळा आला. पोटातलं मी सांभाळत होते, डोक्यावरचं तो सांभाळायला लागला. त्या दिवसापासून ते मूल आम्हा दोघांचं झालं, असं मला आजही वाटतं.

विलासचे केस वाढायला लागले आणि चाळीला कॅलेंडर मिळालं. पूर्वी बायका माझ्या पोटाकडे बघून अंदाज बांधायच्या, आता पुरुषही विलासच्या मानेकडे बघून बांधायला लागले. केस कॉलरला टेकले तेव्हा खालचे एक आजोबा मला म्हणाले, "पाचवा लागला वाटतं," आणि मी लाजून अर्धमेली झाले, कारण खरंच पाचवा लागला होता. वामनराव रस्त्यात भेटले की गंभीरपणे त्याच्या डोक्याकडे बघून विचारायचे, "सगळं ठीक ना?" कारखान्यात मात्र पंचाईत झाली. फोरमन म्हणाला, लेथच्या चकमध्ये एक बट अडकली तर माणूस केसांसकट ओढला जाईल, कापून ये नाहीतर मशिनीपाशी उभा राहू नकोस. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. विलासने कारण सांगितल्यावर तो मद्रासी गृहस्थ म्हणाला, आमच्याकडेपण असतं हे. मी जुन्या चादरीची घट्ट टोपी शिवून दिली, कपाळापासून मानेपर्यंत आणि मागे नाडी. ती घालून तो इतका विनोदी दिसायचा की नंदूने पहिल्यांदा पाहिल्यावर जमिनीवर बसूनच घेतलं.

पण या सगळ्यात मला जो रविवार सगळ्यात जास्त आठवतो तो वेगळाच आहे. नंदूच्या केसांवर दिवसभर तोंडसुख घेणारे तात्या विलासच्या केसांबद्दल अवाक्षर काढत नव्हते. एका सकाळी ते बाजारातून माक्याच्या तेलाची बाटली घेऊन आले. विलास गॅलरीत पेपर वाचत होता. तात्या त्याच्या मागे स्टुलावर बसले, म्हणाले, "वाढयतंसच तर नीट वाढय," आणि हातावर तेल घेऊन त्याच्या डोक्याला लावायला लागले. विलास आधी आक्रसला. तिशीतला माणूस, चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांसमोर. मग हळूहळू त्याची मान सैल पडली आणि पेपर मांडीवर आला. सासूबाई आतून बघून गेल्या आणि परत आल्या. मला हळूच म्हणाल्या, "जावळ काडल्यापासून बापाशीन ह्येच्या डोक्याक हात लावलेलो मी बघूक नाय." त्यानंतर दर रविवारी तेल. आमच्याकडे बापाने मोठ्या मुलाच्या अंगाला हात लावायला काहीतरी निमित्त लागतं, आणि तात्यांना ते फार उशिरा मिळालं.

त्या दिवसांत मला सगळीकडे पुरुषांचे केसच दिसायचे. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले सरदारजी रविवारी केस धुऊन खाटेवर उन्हात वाळवत बसायचे, इतके लांब आणि इतके मऊ, की मला माझ्या वेणीची लाज वाटायची. टेकडीवरच्या शंकराच्या देवळात एक जटाधारी बाबा यायचा, त्याच्या जटेला मुलं दुरून बोट लावून पळायची. बाईचे लांब केस असले तर कोणी काही विचारत नाही, ती तिची शोभा. पुरुषाने वाढवले की लगेच विचारतात, कशासाठी? आणि बहुतेकांकडे त्याचं उत्तर असतं. कुणी गुरूसाठी, कुणी देवासाठी, कुणी नवस फिटेपर्यंत. बोलून दाखवायला संकोच वाटेल असा शब्द कोणाला तरी दिलेला असतो आणि तो डोक्यावरून सगळ्यांना दिसत राहतो. नंदूसारखा एखादाच, की जो स्वतःलाच दिलेला शब्द पाळतो; मला तर तोही कमी वाटत नाही.

एकदा पोतराज आला. कमरेला रंगीत चिंध्यांचा घोळ, हातात आसूड, बरोबर डोक्यावर देवीचा देव्हारा घेतलेली बायको, ढोलकं तीच वाजवत होती. अंगावर आसूड ओढून झाल्यावर तो दम खात जिन्यापाशी बसला. त्याने डोक्याची गाठ सोडली तर केस पाठभर. विलास नळावरून बादली घेऊन येत होता, त्याचेही केस ओले, मानेवर आलेले. पोतराजाने त्याला निरखलं आणि अगदी बरोबरीच्या नात्याने विचारलं, "कुनाचं राखल्यात?"

विलास गोंधळला. मग त्याने मान वर करून गॅलरीत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. पोतराजानेही बघितलं, आणि त्याला कळलं.

"तुझं बरं हाय," तो म्हणाला. "तुला महिनं ठरल्यालं. माझ्या बानं मला देवीला सोडला तवापास्नं हायेत. कापायचं म्हनलं तर घरातली भितात."

मी सुपातून तांदूळ नेऊन दिले. तो गेल्यावर विलास बराच वेळ बादली हातात धरून उभा होता. आपण मनाने केस राखतो आणि दुसऱ्या कुणावर ते लादलेले असतात, एवढं त्याला त्या दिवशी टोचलं असावं. नंतर त्याने तात्यांशी यावर वाद घातला, आणि तात्यांनी तेल लावता लावता ऐकून घेतला.

आमच्या शेजारी शालनताई राहायच्या, साताऱ्याकडच्या, बौद्ध. त्यांच्यात असलं काही पाळत नसत. त्यांचा मुलगा त्या उन्हाळ्यात श्रामणेर शिबिराला जाऊन आला होता, डोकं तुळतुळीत आणि अंगावर चीवर, आणि घरी परतल्यावर आईलाच त्याच्या पाया पडावं लागलं म्हणून तो चेकाळला होता. "आमच्यात काढून मोकळे होतात, तुमच्यात वाढवून बसतात," शालनताई म्हणायच्या. "सोडायचं ते सोडायचंच असतं, कुणी केस सोडतो, कुणी कात्री सोडतो." आणि एवढं बोलून त्या माझ्यासाठी झाकून आणलेली शेंगदाण्याची चटणी पुढे करायच्या. मला त्या वेळी तिखट लागायचं सारखं.

श्रावण लागला आणि विलास गर्दीत लपला. चाळीतले सगळेच पुरुष दाढ्या वाढवून हिंडायला लागले, त्यामुळे त्याच्याकडे कोणी वळून बघेना. मला सातवा होता. मागच्या वेळी जिथे घात झाला तो पाचवा महिना आम्ही श्वास रोखून पार केला होता, आणि आता सासूबाई उघडपणे जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला लागल्या होत्या. सकाळी पारिजातकाचा सडा, दुपारी ऊन-पाऊस, सोमवारचा उपास, रताळ्याचा कीस. मी इतकी खूश होते की कधी कधी भीती वाटायची. मग केस विंचरणाऱ्या विलासला आरशात बघायचे आणि भीती जायची.

तात्या श्रावणातच गेले. सकाळचा चहा पिऊन गॅलरीत बसले होते. सासूबाई कप घ्यायला गेल्या तेव्हा मान भिंतीला टेकलेली होती आणि चष्मा सरळ होता. आजार नाही, दवाखाना नाही. चाळीतले म्हणाले, पुण्यवान माणूस. तासाभरात माणसं जमली. खाली अंगणात बांबू आले, मडकं आलं. आणि मग तो प्रश्न आला, जो मला विलासने आक्रोश करता करता मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं तेव्हाच कळला होता.

आमच्याकडे बापाला अग्नी थोरल्याने द्यायचा, आईला धाकट्याने. आणि अग्नी द्यायचा तर आधी डोक्यावरचे केस उतरवायचे.

मी आतल्या खोलीत पाटावर बसले होते, शालनताई माझी पाठ चोळत होत्या. दाराचा पडदा अर्धा सरकलेला होता, त्यामुळे बाहेरचं सगळं दिसत होतं. तात्यांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, भटजींना विचारत होते. भटजी म्हणाले, "एरवी गर्भिणीच्या नवऱ्याला क्षौर नाही. पण आई-बापाच्या बाबतीत सूट आहे. चालतं."

"झाला तर मगे," अण्णा म्हणाले. "वामनराव खाली हत. विलासा, ऊठ."

विलास उठला. चालतं असं म्हटल्यावर तो तरी काय करणार? बाप गेला होता. त्याने एकदा केसांवरून हात फिरवला, मागून पुढे, आणि तो हात तसाच मानेवर राहिला. चालतं म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शास्त्रात सूट असेल, पण मागच्या वेळी दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आले होते ती मी. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की नको, आणि त्या घरात त्या वेळी सुनेला ओरडायची जागा नव्हती. पोटात बाळ हललं. मी शालनताईंचा हात घट्ट धरला.

"मी बसतो," नंदू म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. रडून डोळे लाल, आणि केस नेहमीसारखे खांद्यावर, फक्त विंचरलेले नव्हते.

"थोरलो असताना धाकटो?" अण्णा म्हणाले. "गावात काय सांगशात? लोकां थुकतली."

"थुंकू दे. माझेपण बापच होते ना ते? दादा खांदा देईल. अग्नी मी देतो, डोकं माझं घ्या."

अण्णा भिंतीशी बसलेल्या सासूबाईंकडे बघायला लागले. त्यांचं कुंकू अजून पुसलं नव्हतं. त्या तात्यांकडे बघत होत्या, आणि नजर तिथून न काढताच बोलल्या.

"विलासाचे केस रवांदेत. अग्नी नंदू देतलो."

"वयनी, तात्याचो आत्मो..."

"तात्याक मी सांगान. चाळीस वर्सां सांगीत इलंय, आजय ऐकतलो," त्या म्हणाल्या. "गेलो तेका समजावूक येता. येवचो हा तेका कोण समजावतलो?"

विलास मटकन खाली बसला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. नंदू जिना उतरून वामनरावांकडे गेला.

पुढचं मला विलासने सांगितलं. स्मशानात दगडावर नंदू बसला, वामनरावांनी वस्तरा काढला आणि हात थांबवला. त्याने एकदा तरी खुर्चीवर बसावं म्हणून ते किती वर्षं त्याच्या मागे लागले होते, आणि आता तो समोर बसला होता तर त्यांच्याच्याने पहिली बट उतरवेना. शेवटी नंदू म्हणाला, "काका, लवकर करा, तात्या थांबलेत." घरी आला तेव्हा ओळखू येईना. पांढरंफेक डोकं, आणि कान केवढे मोठे. डोक्यावर मागे एक जुनी खूण होती, लहानपणी विहिरीच्या काठावर पडला होता त्याची. सासूबाईंनी त्या खुणेवर बोट ठेवलं आणि मग त्या रडल्या.

त्या वर्षी आमच्याकडे गणपती नव्हता. नंदूची पार्टी त्याच्याशिवाय वाजवत होती. विसर्जनाला मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली आणि चाळीच्या अलीकडे बेंजो थांबला, ताशा थांबला. दुःखाच्या घरावरून जाताना वाजवायचं नाही, एवढं त्या पोरांना कोणी शिकवायला लागलं नव्हतं. तेवढा रस्ता सगळे गुपचूप चालत गेले, फक्त चपलांचा आवाज. नंदू गॅलरीत माकडटोपी घालून उभा होता. खालून एकाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि नुसता हात छातीला लावला. नंदूने टोपी काढली. पुढच्या वळणावर ताशा परत सुरू झाला, तेव्हा त्याची बोटं कठड्यावर चालत होती.

मुलगी कार्तिकात झाली. पूर्ण दिवसांची, ठणठणीत, आणि डोक्यावर एवढे केस की दाईने दुसऱ्या बायकांना बोलावून दाखवले. तात्या परत येणार म्हणून सगळे मुलाची वाट बघत होते. सासूबाईंनी तिला हातात घेतली, कपाळावरचे केस बाजूला केले आणि म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्याच्या केसांक नावां ठेयलंस, आता घे, चेडू होवन ये." शालनताई हसून हसून बेजार झाल्या. मी टाके विसरून हसले. विलास दारात उभा होता. त्याला आत यायची परवानगी नव्हती. खांद्यावर आलेले केस मागे सारत तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "दोघीही बऱ्या आहेत ना?"

आता केस कापायला हरकत नव्हती. पण तो थांबला. बाळंतपणाचं सुवेर संपू दे म्हणाला. मला वाटलं सवय झाली असेल, किंवा आवडायलाच लागले असतील. त्या काळात तो कमी बोलायचा. तात्यांचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचा. सगळ्या विधींना तो हजर होता, पण प्रत्येक वेळी पुढे नंदू बसलेला आणि हा मागे. कोणी त्याला दोष देत नव्हतं, नंदू तर नाहीच. तरी आपल्या बापाला आपण काहीच दिलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसायचं, आणि त्याला मी काय सांगणार? ज्याच्यामुळे तो मागे बसला होता ते माझ्याच मांडीवर दूध पीत होतं.

बारशाच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "वामनरावांकडे जाऊन येतो." पाळणा बांधून झाला होता, घुगऱ्या शिजत होत्या, बायका यायला लागल्या होत्या. नंदू पाळण्याला फुगे बांधत होता, त्याच्या डोक्यावर आता बोटभर केस होते आणि ते आधीपेक्षा कुरळे येत होते. "दादाला हिरो कट मारून ये म्हणावं," तो म्हणाला.

वामनरावांनी नंतर सांगितलं. विलास खुर्चीत बसला, त्यांनी कापड गुंडाळलं, कात्री उचलली, विचारलं, किती बारीक? तेव्हा तो आरशात बघून म्हणाला, "तात्यांचं राहिलंय. ते करा." वामनरावांनी कापड काढलं. हात धरून त्याला खुर्चीतून उठवलं, सलूनच्या मागच्या अंगणात नेलं आणि जमिनीवर दक्षिणेकडे तोंड करून बसवलं. ते काम खुर्चीवर करत नाहीत.

तो परत आला आणि दारातच थांबला. चेहरा गोरामोरा, उघडं डोकं, हातात चपला. बायकांची कुजबुज एकदम बंद झाली. अण्णाही आले होते, ते पुटपुटले, "बारशाच्या दिसा ह्या काय?" नंदूच्या हातातला फुगा सुटून छताला लागला. विलास आईकडे बघत होता.

सासूबाई पाळण्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी त्याला नीट बघून घेतलं.

"न्हालंस?"

"नाय."

"मगे असो घरात येवचो नाय," त्या म्हणाल्या. बायकांमधून वाट काढत त्या आत गेल्या, चुलीवरचं ऊन पाणी बादलीत ओतून मागच्या मोरीत नेलं, आणि त्याला मागच्या दाराने बोलावून घेतलं. पहिला तांब्या त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर घातला. मग दुसरा, मग तिसरा. पाण्याचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत येत होता आणि तोवर कोणी पाळण्याला हात लावला नाही. तो धोतर नेसून, डोकं पुसून बाहेर आला तेव्हा सासूबाईंनी मुलीला माझ्या मांडीवरून उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"झाला," त्या म्हणाल्या. "आता नाव ठेय."